माझ्या पायांसाठी भांग

माझे पाय बरे व्हावेत म्हणून आमच्या घरातले तिघं भांग प्याले. मी नाही.

उसाच्या ट्रॉलीवरून पडून मणक्याला मार बसला, तेव्हापासून मी व्हीलचेअरवर. पाय सांगून हलत नाहीत. न सांगता मात्र लाथा झाडतात! (पाहुण्यांचा चहा हमखास सांडतो.) तेव्हापासून आईने मला फाटकाबाहेर एकटं सोडलेलं नव्हतं. जादा चाकं बसवलेली माझी स्कूटर शेडमध्ये पडून होती. सीटवर कोंबडी अंडी घालायची. स्कूटरची ती दशा बघून मला रडू यायचं.

आमच्या मणकेवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विषय निघाला, गांजाच्या औषधाने हे झटके थांबतात का? कोपरगावचा एक म्हणे, "लई आराम पडतो." शिर्डीची ताई म्हणे, "मला नुसती भिंत हलताना दिसली, पाय तसेच!" तिसरा म्हणे, "आधी डॉक्टरला इचारा, येड्यांनो." हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. झालं!

"गांजा? आपल्या घरात? लोक तोंडात शेण घालतील!"

पुढे महाशिवरात्र आली. दादा देवळातून तांब्याभर भांग घेऊन आला. "आई, महादेवाचा परसाद."

"आन की! परसादाला न्हाई म्हनू नये."

"अगं, झाड तेच!" मी ओरडलो.

"गप! देवाचं झाड येगळं. पर आधी मी पिऊन बघते. माझ्या लेकराला काय झालं म्हंजे?"

प्याली. थोड्या वेळाने म्हणाली, "काईच व्हत न्हाई," म्हणून आणखी प्याली. दादा म्हणाला, "माझ्यावर बघ." वहिनी म्हणाली, "पुरुषांवर काय कळतंय?" सगळे उपाशी पोटी! माझ्या वाट्याचा पेलाही तपासणीतच संपला.

संध्याकाळी वहिनी एकच फरशी झाडत होती आणि "लई मोठं घर हाय गं बाई" म्हणत होती. आई स्वतःच्या अंगठ्याकडे बघून हसत होती. दादा गाईच्या गळ्यात पडून रडत होता. दुधाची भरलेली किटली ओट्यावर, आणि डेअरी बंद व्हायची वेळ!

"दादा, दूध!"

"दूध तिचं हाय, तिलाच दे!"

मग मात्र मी कोंबडीला उठवलं. हातांच्या जोरावर स्कूटरवर सरकलो, किटली हुकाला अडकवली आणि फाटक ओलांडलं! आमच्या बेलापूरचा तो खड्ड्यांचा रस्ता मला जन्मात एवढा आवडला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. (वाऱ्याने, असं समजा.)

"एकटाच?" डेअरीवाला चाटच पडला.

"घरचे परसादाला बसल्यात." तेवढ्यात पायाने लाथ झाडली आणि किटलीचं झाकण उडून त्याच्या पोटावर! दूध मात्र थेंबभर सांडलं नाही.

सकाळी आई डोक्याला फडकं बांधून आली. "दूध कुनी घातलं?"

"मी."

"एकट्यानं?"

"व्हय."

तिने माझ्याकडे बघितलं, मग फाटकाकडे. "मंग आजबी तूच घाल. अन् जरा हळू बोल."

तेव्हापासून दूध मीच घालतो. परवा ग्रुपवर कोणीतरी विचारलं, "भांगेचा काही गुण आला का रे?"

मी लिहिलं, "लई! लाथा तशाच हायेत, पर आता गावभर एकटा हिंडतो. फक्त डोस घरच्यांना द्यावा लागतो."