हरण्याचं प्रात्यक्षिक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण शेवटी मला तुमची सहानुभूती लागणार आहे. हा किस्सा माझ्या हुशारीचा आहे. म्हणजे ती कशी मातीत गेली, त्याचा.

सासूबाई तीन महिन्यांसाठी इस्लामपूरहून आमच्याकडे आल्या होत्या. आम्ही राहतो ब्रे नावाच्या गावात, डब्लिनच्या दक्षिणेला, समुद्रकाठी. आम्ही दोघं कामावर गेलो की आई किनाऱ्यावर फिरायला जायच्या. आता किनाऱ्यावर आपल्याकडे भेळवाले असतात, इथे जुगाराची मशीनं आहेत. नाणं टाकायचं, बटण दाबायचं, चित्रं गरागरा फिरतात, तीन सारखी आली की खाली खणखण नाणी पडतात. पावसात आडोसा म्हणून आई एकदा आत शिरल्या आणि तिथे त्यांना मॉरीन नावाची आजी भेटली. आई मराठीत बोलायच्या, मॉरीन इंग्रजीत, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. मला चार वर्षांत माझ्या मॅनेजरचं कळलेलं नाही.

"आई या आठवड्यात तीनदा तिथे गेली," माझी बायको मुग्धा म्हणाली. "प्रसाद, हसू नकोस. मामाचं माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं. मुग्धाच्या मामांनी पत्त्यांपायी चालतं दुकान घालवलं होतं. लग्न ठरवताना आईंनी मला पगार विचारला नव्हता, फक्त "पत्ते खेळता का?" एवढंच विचारलं होतं. पण मशीनबद्दल काही बोललं की त्या म्हणायच्या, "ह्ये काय पत्ते हायत व्हय? नाणं टाकायचं, गंमत बघायची."

"तू समजाव तिला," मुग्धा म्हणाली. "तू आकड्यांचा माणूस आहेस."

आहेच मी. चेरीवूडच्या ऑफिसात बसून मी मोठमोठ्या लोकांना सांगतो की चार आकडे बघून निष्कर्ष काढू नका. हे वाक्य लक्षात ठेवा, मला त्या दिवशी आठवलं नव्हतं.

शनिवारी मुग्धा ब्युमॉन्टला हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर होती. मी आईंना घेऊन थेट मशीनसमोर उभा राहिलो. मशीनवर चिठ्ठी होती, परतावा नव्वद टक्के.

"म्हणजे आई, शंभर टाकले की नव्वद परत येतात. दहा मालकाचे."

आईंनी विचार केला. "मग त्ये दहा त्याला आधीच देऊन टाकू की. हितं उभं राहून पाय कशाला दुखवायचे? चला, चहा घेऊ."

त्या क्षणी मी ऐकलं असतं तर आज ताठ मानेने फिरलो असतो. पण मला प्रात्यक्षिक करायचं होतं ना! वीस युरोची नाणी घेतली. म्हटलं, "बघा, अर्ध्या तासात यातले दोन युरो गेलेले असतील. अगदी मोजून."

तिसऱ्याच नाण्याला मशीन वाजायला लागलं. खणखण, खणखण.

"आले की," आई म्हणाल्या.

"हा अपवाद आहे."

पाचव्या नाण्याला दुसरा अपवाद आला. सातव्याला तिसरा. आईंनी पदर पुढे केला. शेजारच्या मशीनवरून मॉरीन म्हणाली, "युअर मॅन इज फ्लाइंग इट."

"काय म्हणते ती?"

"म्हणते, छान चाललंय."

"मग तुमी तोंड का पाडलंय?"

काय सांगणार? दुसरा कुणी नाचला असता, मला घाम फुटला होता. प्रत्येक नाण्यागणिक आईंची श्रद्धा वाढत होती. "जावईबापू, आठवडाभर त्या कॉम्प्युटरपुढं बसता, त्यापरीस हितंच का बसत न्हाई?" त्या अगदी मनापासून विचारत होत्या.

मग मी हरायच्या जिद्दीने खेळायला लागलो. एका वेळी तीन-तीन नाणी. आणि अखेर पदर रिकामा व्हायला लागला. जिंकलेले गेले, माझे वीसही गेले. "गेले, आई, सगळे गेले!" मी इतक्या आनंदाने ओरडलो की चार माणसं वळून बघायला लागली.

तिथे थांबायचं. मुद्दा सिद्ध झाला होता. पण माझं आकड्यांचं डोकं जागं झालं. वीस टाकले, नियमाने अठरा यायला हवेत, हातात शून्य. म्हणजे मशीनकडे माझे अठरा अडकलेत. आता ते नव्वद टक्के लाखो खेळांचे असतात. मशीनला मागचं काही आठवत नाही, बटण दाबलं की नवा डाव. हे कळण्याचाच मला पगार मिळतो. पण तिथे, त्या लुकलुकत्या दिव्यांपुढे, मला शपथेवर वाटलं की आता हे देणारच.

एक नोट मोडली. गेली. दुसरी मोडली. तीही गेली. पाकीट संपलं, तसा मी वळलो आणि खुद्द माझ्या सासूला म्हणालो, "आई, सुट्टे आहेत का? आता येणारच."

आईंनी पर्समध्ये घातलेला हात बाहेर काढला.

"माझा भाऊ असंच म्हणायचा," त्या हळूच म्हणाल्या. "आता येणारच, अक्का."

त्यांनी पर्सची चेन लावली, माझं कोपर धरलं आणि मला बाहेर आणलं. मॉरीनने दार उघडून धरलं. इतकी लाज मला दहावीत गणितात नापास झालो तेव्हाही वाटली नव्हती. हो, झालो होतो, ते नंतर कधीतरी.

संध्याकाळी मुग्धाने विचारलं, "आई, पटलं का?"

"पटलं तर. मी न्हाई आता तिथं पाऊल टाकायची. लई चांगलं समजावलं जावईबापूंनी."

मुग्धाने माझ्याकडे असं कौतुकाने बघितलं की मला वाटलं, सुटलो.

"फकस्त," आई म्हणाल्या, "ह्यांना एकट्याला तिकडं सोडू नगंस."

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही किनाऱ्यावर फिरायला जातो. समुद्राच्या बाजूने मी, मशीनच्या बाजूने आई, माझं कोपर त्यांच्या मुठीत. मॉरीन आम्हाला बघून बाहेर येते आणि आम्ही तिघं बाकावर बसून चहा पितो. चहाचे पैसे माझेच असतात, पण देतात आई. माझं पाकीट त्यांच्या पर्समध्ये असतं.