व्हिस्कीचा वास पाहणारं यंत्र

आमच्या घरात दारूचा थेंब कधी शिरला नाही, आणि मी मात्र भोपाळच्या विजेची यंत्रं करणाऱ्या सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसून व्हिस्कीतली खोट पकडणारं यंत्र करत होते. इंद्रपुरीतल्या मावशीने विचारलं की 'केमिकलचं काम' म्हणून वेळ मारून नेई. पण खरं सांगू, ते वर्षभर मी हवेतच होते.

व्हिस्की गाळताना काही बिघडलं तर तिला गंधकाचा, उकडलेल्या शिळ्या कोबीसारखा वास लागतो. माझं यंत्र साधं. एका रसायनात व्हिस्कीचे थेंब टाकायचे. गंधक असलं की रंग गडद होतो, त्यातून सोडलेला उजेड अडतो आणि काटा खाली येतो. चाचणीत चुकलं तर काम बंद आणि मी परत ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासायला, हे साहेबांनी आधीच ऐकवलं होतं. त्या तेलाचा मला अस्सा कंटाळा होता, काय सांगू.

चाचणीला व्हिस्की कारखान्याचे परीक्षक आले. वयस्क पंजाबी गृहस्थ. तिथला सगळा माल त्यांच्या नाकावर पास होई. त्यांनी आणलेले चार नमुने मी चार बाटल्यांत ओतले. त्यांनी सगळ्यांसमोर एकेक हुंगून कागदावर लिहिलं, दोन खराब, दोन चांगले. मग माझी पाळी. पहिल्या तिन्ही वेळा काटा त्यांच्याशी जुळला. मी नाचायचीच बाकी होते. चौथा नमुना त्यांनी चांगला लिहिलेला, आणि काटा धाडकन खाली.

साहेब म्हणाले, झालं, आवरा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. यंत्र चुकणं शक्यच नाही म्हणत मी बाटली नाकाशी धरली. हिंग. चक्क हिंग! सकाळी प्रयोगशाळेतली एक बाटली फुटली म्हणून मी क्वार्टरवर पळत जाऊन सासूबाईंची हिंगाची बाटली उकळून आणली होती. झाकणातल्या बुचाच्या चकतीत वास मुरलेला. हिंगात गंधक असतंच. म्हणजे यंत्राने बरोब्बर पकडलं होतं. मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

तोंड उघडणार, तेवढ्यात परीक्षकांकडे लक्ष गेलं. हिंग शेंबडं पोरही ओळखतं, आणि यांनी तीच बाटली हुंगून चांगली ठरवली होती. त्यांचा चेहरा पार उतरला होता. हिंगाचं नाव घेतलं असतं तर यंत्र तिथल्या तिथे जिंकलं असतं. त्यांचं मात्र सगळं संपलं असतं.

बाटली घरची आहे, नीट धुतली गेली नाही, चूक माझी, एवढंच मी साहेबांना सांगितलं आणि पुन्हा एक संधी मागितली. स्वयंपाकघर इथे आणलंत का, म्हणून त्यांनी मला सगळ्यांदेखत झापलं. मी निमूट ऐकून घेतलं, जे मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. तोच नमुना स्वच्छ काचपात्रात ओतला. काटा जागचा हलला नाही. यंत्र पास झालं आणि माझा जीव भांड्यात पडला.

परीक्षकांना सोडायला मी गेटपर्यंत गेले, अगदी तरंगत. जीपपाशी थांबून त्यांनी हळूच विचारलं, बाटलीत काय होतं. हिंग, मी म्हटलं. ते हसले. नमुने स्वतःच भरून आणले होते, दोनांत मुद्दाम गंधक घालून, म्हणून चारही ठाऊक होते, म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बेटी, दो साल से मुझे कोई महक नहीं आती. घर में दाल जल जाती है, पता नहीं चलता. तुम मशीन जल्दी भेज दो."