हिरडीच्या रंगाची गाडी

मी दात करते. म्हणजे कवळ्या. सोलापुरातल्या एका लहानशा डेंटल लॅबमध्ये माझं निम्मं आयुष्य गेलं. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात आणि आम्ही मेण, प्लास्टर आणि गुलाबी अ‍ॅक्रिलिक यांच्याशी झटापट करून त्यातून दात-हिरड्या उभ्या करतो. पेशंट आम्हाला कधी दिसत नाही. आमच्यापर्यंत पोचते ती त्याची चिठ्ठी, आणि तिच्यावर बहुतेक वेळा एकच शब्द असतो: टोचतंय.

आमच्या धंद्यात याहून मोठी शिवी नाही. त्यामुळे माझ्या अंगठ्याला एक खोड लागली आहे. वस्तू कुठलीही असो, तिच्यावरून अंगठा फिरवायचा आणि जरा कड लागली की घासायची. घरातल्या पोळपाटाची कड मी घासली आहे, किसणीची मूठ घासली आहे. एकदा नवऱ्याच्या कंगव्याचे दातसुद्धा घासले. तेव्हापासून तो कंगवा विंचरत नाही, नुसता मायेने डोक्यावरून फिरतो, असं नवरा सगळ्यांना सांगत सुटला आहे.

या तक्रारखोरांचा राजा म्हणजे आप्पा, माझे वडील. आई आणि ते आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांची कवळी अर्थातच मी केली. "हितं टोचतंय," म्हणाले, घासली. "आता तितं टोचतंय," म्हणाले, घासली. सात वेळा घासली. आठव्या वेळी मी वैतागून ती नुसती पिशवीत घालून घरी आणली, दुसऱ्या दिवशी तशीच नेऊन दिली. आप्पांनी तोंडात घातली, कडक भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "आता कसं! लोण्यावानी झालं की!"

आप्पांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. माणूस मूळचा कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीचा, त्यामुळे नट निघाला की बोलणं मराठीत आणि अडकला की कन्नडात. गॅरेजमध्ये एक पत्र्याचं कपाट होतं आणि त्या कपाटाच्या दारावर देव नव्हता, गाडी होती. कुठल्याशा पार्टभोवती गुंडाळून आलेलं परदेशी मासिकाचं पान, शेजारच्या मागाच्या कारखान्यातून वाटीभर खळ आणून आप्पांनी ते चिकटवलेलं. गाडी कसली, नुसता लांबलचक सांगाडा. मागे दोन अगडबंब चाकं, पुढे सायकलची असावीत तशी दोन बारीक चाकं, मध्ये उघडं इंजिन आणि चालवणारा पार मागे, मागच्या चाकांच्याही पाठीमागे बसलेला. शर्यतीची गाडी होती ती, जुन्या काळातली. सरळ रस्त्यावर पाव मैल जायचं, कोण पहिला पोचतो ते बघायचं, संपलं.

उसाच्या हंगामात श्रीपूरकडचे ट्रॅक्टरवाले यायचे, ते कपाटापुढे उभे राहून आप्पांची उलटतपासणी घ्यायचे.

"मिस्त्री, ही वळती कशी ओ?"

"वळत न्हाय."

"मग थांबती कशी?"

"मागनं छत्री उघडून."

"आन् मग कामाला कुटं येती?"

"कामाला येत न्हाय म्हणून तर लावलीया," आप्पा म्हणायचे.

मला मात्र त्यांनी नीट समजावलं होतं. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चढाला लागला की त्याचं तोंड वर उठतं. मग दोघा माणसांना बोनेटवर बसवावं लागतं. "हितं त्यांनी माणसं बसवायच्या ऐवजी नाकच लांब केलंय बघ. लई डोक्याचं काम." पुढे कपाट गंजलं, भंगारात गेलं, त्याच्याबरोबर गाडीही गेली. आप्पा आठवडाभर कन्नडात बोलत होते.

दोन वर्षांपूर्वी आप्पांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. त्यांना कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. तुमचं तोंड बघायचं असेल तर ते तुमच्या शेजारच्या भिंतीकडे बघतात. नव्या माणसाला वाटतं, म्हातारा भिंतीशी बोलतोय. डोळे गेल्याचं दुःख मला झालंच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग आला. कारण डोळ्यांबरोबर त्यांनी हातही मांडीवर ठेवून दिले. ज्या माणसाने जन्मभर इंजिनाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून, बाहेर कुणाशी तरी गप्पा मारत, न बघता नट शोधले, तो आता चहाचा कपसुद्धा आईने हातात दिल्याशिवाय घेईना. काही विचारलं की एकच पालुपद, "मला आता काय कळत न्हाय."

आणि एक दिवस म्हणाले, "पान्यांची पेटी देऊन टाक. आपल्या जुन्या फिटरला सांगितलंय मी. दिवाळी झाली की येऊन घेऊन जाईल."

ती पेटी म्हणजे आप्पांचा तिसरा हात. मी "बरं" म्हटलं आणि पेटी ओढत माझ्या घरी आणून पलंगाखाली सरकवली. दिवाळीला दोन महिने होते. मला वाटलं, ती पेटी एकदा गेली की हा माणूस पुन्हा कशालाही हात लावणार नाही. नुसता बसून राहील. मला ते बघायचं नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं, ती गाडी करायची. बोटांनी बघता येईल अशी.

मोबाईलवर तसल्या गाड्यांचे फोटो पाहिले, मापं काढली आणि विसाला एक असं प्रमाण धरलं. गाडी वीतभर झाली. विकतचं काहीच मिळणार नव्हतं आणि मला ते नकोही होतं. सांगाड्याला सायकलचे स्पोक घेतले, वाकवले, लॅबमधल्या चांदीच्या डागाने जोडले. पुढच्या चाकांच्या आऱ्यांना दात सरळ करायची तार. इंजिन मेणात कोरलं. काय सांगू, सव्वीस नंबरची दाढ कोरण्यापेक्षा सोपं! इंजिनाच्या दोन बाजूंनी चार-चार धुराडी निघतात, त्यांच्यासाठी बॉलपेनच्या पितळी रिफिली कापल्या. मग मेणाचं इंजिन प्लास्टरच्या साच्यात घातलं, मेण उकळून काढलं आणि त्या जागी अ‍ॅक्रिलिक भरलं. आमच्याकडे अ‍ॅक्रिलिकचा रंग एकच, हिरडीचा. मागच्या चाकांना तोंडाचं माप घ्यायचं रबर ओतलं, ते हिरवं. अशी गुलाबी अंगाची आणि हिरव्या टायरची गाडी माझ्या टेबलावर उभी राहिली आणि मला इतका आनंद झाला की मी तिला ढकलत तोंडाने घुर्रर्र केलं. वय वर्षं सत्तेचाळीस.

लॅबचे मालक चाचा. ते साच्यांच्या मांडणीपाशी आले, चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.

"इत्ता लंबा मुँह किसका है जी?" त्यांनी विचारलं.

"आप्पांचं," मी म्हटलं.

चाचा मान हलवत निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून बारीक तारेचं एक वेटोळं माझ्या टेबलावर ठेवलं.

जेवणाच्या सुट्टीत, लॅब सुटल्यावर, सहा आठवडे मी नुसती हवेत होते. रस्त्यात सायकल दिसली की माझी नजर तिच्या स्पोकांवर. नवऱ्याने मुकाट्याने आपल्या सायकलला कुलूप लावायला सुरुवात केली. शेवटी गाडी पॉलिशच्या चाकावर धरली आणि अशी चकाकवली की तिच्यात माझं नाक दिसत होतं. अंगठा फिरवला. कुठे म्हणून कड नाही. वा गं बाई, मी मनात म्हटलं, काय तुझा हात!

दिवाळीच्या आधीच्या रविवारी गाडी रुमालात गुंडाळून आप्पांकडे नेली. आई चकल्या तळत होती, तीही झारा घेऊन बाहेर आली. मी आप्पांचे हात मांडीवरून उचलले आणि गाडी त्यांच्या तळव्यांवर ठेवली.

"ओळखा."

आप्पांनी बोटं फिरवली. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"साबण हाय व्हय?" आप्पा म्हणाले.

आईला हसू आवरेना. मला संताप आला.

"साबण? आप्पा, नीट बघा!"

"बघतोय की. गुळगुळीत हाय. वापरलेला साबण हाय." त्यांनी मान वळवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. "गुलाबीच हाय की. वासाचा दिसतोय."

आणि गाडी बाजूला ठेवून त्यांनी हात पुन्हा मांडीवर घेतले. "जाऊ दे गं. मला आता काय कळत न्हाय."

मी ती गाडी रुमालात कोंबली आणि चकलीही न खाता निघाले. दोन गल्ल्यांचं अंतर मी रागारागात अशी चालले की घर मागे पडलं, पुढच्या चौकात गेल्यावर कळलं. सहा आठवडे! म्हाताऱ्याला मेली कवळी टोचते आणि गाडी साबण लागते! घरी येऊन मी डोळे मिटले, गाडी हातात घेतली आणि अंगठा फिरवला.

साबणच होता.

इंजिन कुठे संपतं आणि सांगाडा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. बोल्टांची डोकी मी घासली होती. धुराड्यांची तोंडं घासून गोल केली होती. इंजिनावरच्या पात्या, डागाचे उंचवटे, सगळं सगळं मी इमानेइतबारे सपाट केलं होतं. मी गाडी केलीच नव्हती, कुणाच्या तरी तोंडात बसेल अशी एक वस्तू केली होती. एकटीच पलंगावर बसून मी इतकी हसले की नवरा स्वयंपाकघरातून धावत आला. मग थोडी रडलेही. पाय खाली सोडले तर टाच पेटीला लागली.

दिवाळीचे चार दिवस लॅब बंद होती. चाचांकडून किल्ली मागून घेतली. फराळ आईवर सोपवला आणि पॉलिशच्या चाकाच्या बटणावर चिकटपट्टी लावली, कारण माझा माझ्यावर भरवसा नव्हता. जुनं इंजिन काढून टाकलं. नवं कोरताना प्रत्येक पाती धारदार ठेवली. बोल्टांसाठी अ‍ॅक्रिलिकचे थेंब एकेक करून टाकले आणि त्यांना खडबडीत राहू दिलं. डाग जसा साचला तसा गाठीसारखा ठेवला. रिफिली नव्याने कापल्या, आणि कापलेली कड तशीच सोडली. हे शेवटचं किती अवघड गेलं म्हणून सांगू! अंगठा त्या कडेवर जायचा, हात आपोआप कानशीकडे वळायचा, आणि मी स्वतःच्याच मनगटावर चापट मारायची. टायर मात्र गुळगुळीतच ठेवले. त्या गाड्यांचे टायर असतातच तसे, बिननक्षीचे. तेवढाच माझ्या अंगठ्याला विसावा.

भाऊबीजेला सकाळी मी पुन्हा आप्पांपुढे उभी राहिले. फिटर दुसऱ्या दिवशी येणार होता.

"परत साबण आणला का?" आप्पा म्हणाले.

"मुकाट्याने धरा."

त्यांनी धरली. आधी हिरवं टायर लागलं. बोट थांबलं. मग दुसरं टायर. मग बोट पुढे सांगाड्यावर गेलं, एका गाठीवर अडखळलं, परत मागे आलं, पुन्हा त्या गाठीवरून गेलं. "डाग दिलाय हितं," आप्पा म्हणाले. बोटं चालत पुढच्या बारीक चाकाशी गेली, त्याला गरकन फिरवून आली. आता त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. बोटं इंजिनावर चढली, पात्या मोजल्यासारखी सरकली, बाजूला उतरली, आणि आप्पांनी एकदम हात झटकला.

"आय्यो!"

तर्जनीवर रक्ताचा बारीक ठिपका आला होता. आई ओरडली, "अगं, काय हे, लागलं की त्यांना!" मी हळद आणायला उठले. पण आप्पांनी माझं मनगट धरलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्यांनी कवळी काढून बाजूला ठेवली, खरं बोलायचं असलं की ते कवळी काढतात, आणि बोळक्या तोंडाने म्हणाले, "टोचतंय की!"

माझ्या सबंध नोकरीत या शब्दाने मला इतका आनंद कधी दिला नव्हता.

"टोचतंय की गं! धुराडं हाय हे! चार हितं, चार तितं. आन् हे नाक... माझी कपाटावरची गाडी हाय ही!" ते हसत होते, भिंतीकडे बघून हसत होते, म्हणजे माझ्याकडे बघून. बोट सीटमध्ये घालून म्हणाले, "हितं बसायचं बघ." मग बोट सीटच्या उजव्या बाजूने बाहेर आलं, तिथे घुटमळलं, पुन्हा शोधलं, आणि कपाळाला आठी पडली.

"ब्रेकचा दांडा कुटं हाय?"

"कुठला दांडा?"

"बाहेरच्या अंगाला, उजव्या हाताला. चित्रात होता. तू विसरलीस." त्यांनी गाडी मांडीवर घेतली. "पेटी कुटं ठिवलीस माझी?"

मी दोन गल्ल्या धावत गेले. सत्तेचाळीसाव्या वर्षी, नव्या साडीत, जड पेटी नवऱ्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बांधून ढकलत आणली. पेटी उघडून आप्पांनी हात आत घातला. बघायचा प्रश्नच नव्हता, ते पूर्वीही बघत नसत. पक्कड निघाली, छोटी कानस निघाली. आईने भिंतीतला एक खिळा उपटून दिला. आप्पांनी तो वाकवला, एका टोकाला मूठ काढली, बोटाने जागा मापली.

"फिटरला फोन कर," खाली मान घालून ते म्हणाले. "म्हणावं, पेटी कामावर हाय."

दांडा बसवून झाल्यावर त्यांनी गाडी माझ्यापुढे केली. मी अंगठा फिरवला. खिळ्याचं टोक चांगलंच वर आलं होतं, आणि माझा हात आपोआप कानशीकडे गेला.

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "टोचू दे."