आतेबाईंचं सांगून हसणं

आमच्या आतेबाई हसल्या की तसं सांगायच्या. चार जणी ओसरीवर तूर निवडत बसलेल्या, कोणीतरी गमतीचं बोलावं, सगळ्या खो-खो हसाव्यात आणि सगळं शांत झाल्यावर आतेबाईंनी सूप खाली ठेवून म्हणावं, "हासली बरं मी." मग त्या बोलण्यालाच लोक पुन्हा हसत सुटायचे. नव्या माणसाला वाटायचं, बाई जरा चक्रम आहे. चक्रम कुठली! घरात त्यांच्याइतकी शहाणी दुसरी कोणी नव्हती, आणि हे मी त्यांची सून असून म्हणतेय.

सून म्हणजे भाचसून. आतेबाई माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या, थोरल्या बहीण. लहानपणीच विधवा होऊन भावाकडे परत आल्या त्या कायमच्या. माझी सासू माझ्या लग्नाआधीच गेली होती. उमरखेडच्या अलीकडच्या आमच्या त्या खेड्यात घर, गोठा, कापसाची वेचणी आणि मामाजींचा राग, हे सगळं आतेबाईच सांभाळायच्या.

त्यांचं हसणं बिघडलं ते नाकापायी. विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या सालची गोष्ट. कापसाची बंडी आली, बैल सोडले, पण मागं ओझं जास्त असल्यानं बंडी उलार होऊन मागच्या अंगाला कलली आणि जू खालून उसळून आतेबाईंच्या नाकावर बसलं. घरच्यांनी हळद भरली. जखम बरी झाली, पण हाड वाकडंच बसलं. श्वास घेता येईना, बसून झोपायची पाळी आली. तेव्हा मामाजी त्यांना नागपूरला घेऊन गेले आणि तिथे नाकाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं बजावलं होतं, वरचा ओठ काही महिने जड राहील, पुढचे दात बधिर वाटतील, हळूहळू सगळं येईल. दातांना जान आली, ओठाला काही आली नाही. फुंकणी तोंडाला लावली की वारा बाजूनं जायचा, चहा पिताना पदर हनुवटीला लावावा लागायचा. पण डॉक्टरला कोणी नावं ठेवलेली त्यांना खपायची नाहीत. "नाक आलं, दम आला, झोप आली. आता ओठ कायले पाहिजे? मले का बासरी वाजवाची हाये?"

ऑपरेशनच्या आधी त्या हसल्या की वरच्या हिरड्या सगळ्या उघड्या पडायच्या, असं घरात सगळे सांगतात. मी ते हसू पाहिलेलं नाही. मला माहीत आहे ते दुसरं. त्यात वरचा ओठ फळीसारखा तसाच राहायचा, खालचा तेवढा एका अंगाला ओढला जायचा आणि नाकाचा शेंडा खाली यायचा. आंबलेल्या ताकाचा वास आल्यावर माणूस करतं ना तोंड, हुबेहूब तसं.

त्या तोंडानं माझं लग्न मोडत आलं होतं.

यांच्या भाऊकीत मुलगी पाहायला आतेबाईंना न्यायची रीत होती. विधवा बाईला सोयरिकीत कायले नेता म्हणून लोक कुरकुरायचे, पण मामाजी ऐकायचे नाहीत. मात्र सुपारी ठेवायची ती मामाजींनीच. म्हणून दोघा भावंडांचं ठरलेलं होतं. आतेबाईंनी मुलीला दोन-चार गोष्टी विचारायच्या. मुलगी मनात भरली तर हसायचं. त्या हसल्या की मामाजी खिशातली सुपारी काढून ताटात ठेवायचे. नाही हसल्या तर "कळवतो" म्हणून उठायचे. भाऊकीतल्या कितीतरी सुना अशा हसण्यावर आल्या होत्या.

माझं माहेर ढाणकीचं. मी उंच आणि वर तोंडाळ. उंचीपायी दोन ठिकाणी नकार आले होते, आणि तोंडापायी पुढचेही येतील असं आई रोज म्हणायची. ही मंडळी आली तेव्हा आईनं मला दम दिला होता, विचारतील तेवढंच बोल. आतेबाईंनी विचारलं, "भाकरी येतात का व?"

"येतात," मी म्हटलं. "पण पहिली दर खेपेला करपते."

आई पडद्याआड कपाळ बडवून घेत होती. आतेबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि ते तोंड केलं. ऑपरेशननंतर ही त्यांची पहिलीच सोयरीक. मामाजी बहिणीच्या तोंडाकडे बघतच होते. घरी आवाजावरून तरी त्यांना बहिणीचं हसू ओळखू यायचं, इथे पाहुण्यांत आवाजच नव्हता. त्यांचा चेहरा पडला. "बरं, कळवतो," म्हणून ते उठले आणि पायऱ्या उतरले. माझे वडील हात जोडून त्यांच्या मागे.

आतेबाई बायकांचा निरोप घ्यायला आत आल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. नकार काय मला नवीन होता? पण इतकं घाण तोंड करून कोणी दिला नव्हता. मी म्हटलं, "बाई, पसंत नसन तं नसो. पन तोंड काहून वाकडं करता माह्याकडं पाहून?"

"काय बोलून राह्यली व तू!" आई ओरडली.

आतेबाई मात्र माझ्याकडेच पाहत होत्या. "मी तं हासली, पोरी."

"असं हासते का कोनी?"

त्यांनी आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली. मग त्या हळूच म्हणाल्या, "आरसा आन."

कुंकू नाही, टिकली नाही, त्यांना आरशाशी कशाला काम पडणार? मी वडिलांचा दाढीचा आरसा आणून दिला. आतेबाई उजेडाला उभ्या राहिल्या आणि हसल्या. मग पुन्हा एकदा हसल्या, जरा मोठ्यानं. मला तेव्हा कळलं, मी काय बोलून बसले ते. घरचं, भाऊकीचं, गावचं इतकं माणूस रोज समोर, पण कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं. आधी म्हणे सगळे ओठ बरा व्हायची वाट पाहत होते, आणि पुढे कोणाची जीभ रेटली नाही.

आरसा त्यांनी माझ्या हातात दिला आणि दारातून हाक मारली, "भाऊ! वहाना घालू नको. मी हासली!"

मामाजी अंगणात थबकले. "हासली?"

"हाव. मले पोरगी पाहिजे. ठेव सुपारी."

अशी मी या घरात आले. तेव्हापासून आतेबाई हसल्या की सांगायला लागल्या, कोणाला घोर नको म्हणून. त्यातही घोटाळे व्हायचेच. शेजारच्या म्हातारबाबाच्या मौतीला गेल्या आणि रडू आलं, तर तोंड पुन्हा तसंच झालं. त्या घरची सून डोळे वटारून पाहायला लागली. आतेबाई डोळे पुसत म्हणाल्या, "हासली नाही व बाई, रडून राह्यली." अरे बाप्पा, आम्हा बाकीच्या बायकांना तिथे हसू आवरता आवरेना!

पण त्या दिवसापासून त्यांनी आणखी एक सुरू केलं. काही नक्की करायचं असलं की मला विचारायच्या. लुगडं विटलं का, वरण बिघडलं का, भावाशी आपण जास्त बोललो का. बाकीचे सगळे "नाही, नाही" म्हणायचे. मी "हो" म्हणायचे. "या घरात मले खरं सांगनारी तू एकलीच," त्या म्हणायच्या, आणि मला मेलीला त्याचा ताठा यायचा.

दहा-एक वर्षांनी त्यांचं पोट फुगायला लागलं. डॉक्टरनं मामाजींना बाजूला घेऊन सांगितलं, आता काही उपाय नाही. मामाजींनी घरात सगळ्यांना शपथ घातली, तिला कळता कामा नये. रोज उशाशी बसून ते म्हणायचे, "वायू हाये अक्का, वायू. उतरन."

एका दुपारी मी त्यांना पेज पाजत होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी वाटी बाजूला केली. "खरं सांग व. मी जाऊन राह्यली का?"

तोंडाळ मी! पण मलाही 'वायू हाये' म्हणून मोकळं व्हावंसं वाटलं. रडू आलं ते आवरलं आणि म्हटलं, "हाव, आतेबाई."

"भाऊले माहीत हाये?"

"हाये."

त्यांनी अंगावरची गोधडी नीट ओढून घेतली. मग म्हणाल्या, "मंग कोठीतलं तुरीचं पोतं इकू नका. माह्या तेरवीच्या दिवसाले लागन." आणि माझा हात धरून पुढे म्हणाल्या, "मले समजलं म्हनून भाऊले सांगू नको. त्याले नाही सोसनार."

संध्याकाळी मामाजी शेतातून आले, उशाशी बसले. "कसं वाटते, अक्का?" आतेबाई म्हणाल्या, "आज हलकं हाये रे. वायूच होता, तू म्हनत होता तसा." पुढे रोज असंच. मामाजी त्यांना सांगायचे, त्या मामाजींना सांगायच्या, आणि मी मध्ये पेजेची वाटी घेऊन उभी.

आतेबाई गेल्या. दिवसाचा स्वयंपाक त्याच तुरीचा झाला. मामाजी पुढे कितीतरी वर्षं आल्या-गेल्याला सांगायचे, "बहिनीले मी शेवटपर्यंत काही समजू देल्लं नाही. सुखानं गेली." माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गावाला माहीत. पण मामाजी जिवंत असेपर्यंत मी त्यांच्यापाशी हे बोलले नाही.