मापाचा माणूस

सोलापूर स्टेशनावर मला गाडीत बसवून देताना सौभाग्यवती म्हणाल्या, “लोक गावाला जाऊन तिथली चित्रं विकत आणतात. तुम्ही घरून चित्रं घेऊन त्या गावाला निघालात!” बोलणं अगदीच खोटं नव्हतं. माझ्या मांडीवर जाडजूड अल्बम होता आणि त्यात पुतळ्यांची, देवळांची, किल्ल्यांची जुनी चित्रकार्डं कागदी कोपऱ्यांत अडकवलेली होती. मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो आणि गेली वीस वर्षं ही कार्डं जमवतो. आमच्या घरात दोन ट्रंका भरतील एवढे दगडाचे राजे, घोडे आणि घुमट आहेत.

मला एक खोड आहे. कार्ड हातात धरून त्या वास्तूपुढे जायचं आणि फोटोवाल्याने तिपाई नेमकी कुठे रोवली असेल ती जागा शोधायची. ती सापडली की कार्डातली कमान समोरच्या कमानीवर बरोबर बसते आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या माणसाच्या डोळ्यांनी आपण पाहतो आहोत असं वाटतं. त्या क्षणासाठी मी उपाशीपोटी मैलोन् मैल चाललो आहे.

या खेपेला गुलबर्गा आणि बिदर असा बेत होता. तिथली पाच कार्डं माझ्यापाशी होती. त्यांतलं अष्टूरच्या बहमनी घुमटाचं कार्ड म्हणजे माझा जीव की प्राण. तसं दुसरं मी कुणाकडेच पाहिलेलं नाही. जुन्या फोटोवाल्यांची एक रीत होती. भल्यामोठ्या इमारतीच्या पायथ्याशी ते कुणाला तरी उभं करत, म्हणजे पाहणाऱ्याला इमारतीच्या आकाराचा अंदाज येई. आम्ही जमवणारे त्याला ‘मापाचा माणूस’ म्हणतो. या कार्डातही दाराशी तांदळाच्या दाण्याएवढा एक माणूस उभा आहे. त्याच्या बगलेत पांढरा ठिपका आहे, तो छपाईतला डाग असावा असं मी समजत होतो.

गुलबर्ग्याला उतरलो तो थेट किल्ल्यातल्या जुम्मा मशिदीकडे गेलो. बाहेरून पाहिलं तर काही विशेष वाटत नाही, मीही मनातल्या मनात नाक मुरडलं. आत पाऊल टाकलं आणि चप्पल हातात तशीच राहिली. मशिदीला अंगणच नाही, सगळी जागा छपराखाली. बुटक्या खांबांवरून रुंद कमानी उठतात, त्यांच्यामागे आणखी कमानी, त्यांच्याही मागे कमानी. उन्हाचे पट्टे पडले होते आणि शेवटची कमान कुठे संपते ते काही केल्या दिसेना. मी कार्ड काढायचंच विसरलो. झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्याने शेवटी विचारलं, “क्या हुआ मास्तर, कुछ गुमा क्या?” मी मान हलवली. काय सांगणार, भानच हरपलं होतं.

बाजारात एका खाणावळीत ज्वारीची भाकरी आणि पुंडी पल्ल्या (अंबाडीची भाजी) खाल्ली. ती इतकी आंबट की डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरीही मी दुसऱ्यांदा मागितली.

बिदरच्या बसमध्ये कंडक्टरचा आग्रह होता की अल्बम टपावर टाकावा. मी तो पोटाशी कवटाळून बसलो. हुमनाबादपर्यंत सगळी बस एकाच वादात रंगली होती: भाषावार प्रांत झाले तर हैदराबाद राज्यातला हा मुलूख कुणाकडे जाणार? कानडी, मराठी आणि दखनी एकाच वाक्यात सुखाने नांदत होत्या आणि भांडणही त्याच वाक्यात चाललं होतं. शेजारच्या बाईंनी माझा अल्बम मागून घेतला, एकेक पान निगुतीने उलटलं आणि कोड्यात पडून विचारलं, “ह्यात तुमची मानसं कुटं हायेत?”

“माणसं नाहीत, इमारती आहेत,” मी म्हणालो.

“कामून? घरचं कुनीच न्हाई व्हय?” असं म्हणून त्यांनी मोठ्या कणवेने मला पिशवीतल्या भाजलेल्या शेंगा दिल्या. मी मुकाट्याने खाल्ल्या.

बिदरची माती तांबडीलाल आहे. कार्डं काळीपांढरी, त्यामुळे हे मला कधी कळलंच नव्हतं. मदरशाच्या भिंतीवर निळ्या चिनीमातीच्या फरशा अजून टिकून आहेत, आणि त्या निळ्यापुढे माझ्या रंगपेटीतले सगळे निळे खोटे वाटले. एक मिनार पडला आहे, दुसरा उभा आहे. त्याच्याकडे पाहताना मान मागे, आणखी मागे गेली आणि टोपी पडली. पोरांना मी इतकी वर्षं मिनार फूटपट्टीने काढायला शिकवत होतो, याची मला मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायी अष्टूरला गेलो. शेतांच्या मधोमध घुमटांची रांगच उभी आहे. एक तर वीज पडून अर्धा उघडा पडला आहे आणि त्यातून आभाळ दिसतं. माझ्या कार्डातल्या घुमटाच्या दाराशी एक पस्तिशीचा माणूस हातात मोठा आरसा घेऊन उभा होता. त्याचं नाव बसप्पा. आत जाऊन उभं राहा म्हणाला. आत मिट्ट काळोख. “बगा आता!” असा बाहेरून आवाज आला, आणि त्याने उन्हात आरसा तिरपा केला.

उजेडाचा एक गोळा भिंतीवर चढला आणि छतावर गेला. सोनं, शेंदरी, निळं! वेली, फुलं, अक्षरांची वळणं, सगळं काल रंगवल्यासारखं ताजं. बसप्पा बाहेरूनच मनगट हलवी, तसा उजेड एकेका फुलावर थांबत थांबत पुढे सरके. मला आत काय दिसतं आहे ते त्याला न पाहता पाठ होतं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मी त्या पुसल्या नाहीत.

“ह्ये काम बा करत हुता,” बाहेर आल्यावर तो म्हणाला. “आता म्या करायलोय.”

मग मी कार्ड काढलं आणि नांगरलेल्या शेतात मागे-पुढे सरकू लागलो. बसप्पाने विचारलं, “मास्तर, काय शोधायलाव?” मी त्याला समजावून सांगितलं आणि दाराशी मापाच्या माणसाच्या जागी उभं राहायला लावलं. दहा पावलं मागे गेलो, दोन डावीकडे, आणि सगळं जुळलं: घुमट, दार, माणूस. माणूस तर इतका जुळला की मी खुशीत हसलो. डावा खांदा उतरलेला, बगलेत आरसा.

बसप्पा धावत येऊन कार्डावर वाकला. “ह्यो कोन?”

“कोणी नाही. मापासाठी उभा केलाय.”

“कोनी न्हाई कसं? मानूस हाय की!” तो म्हणाला, आणि मला न विचारताच कार्ड घेऊन घराकडे निघाला. मी अल्बम सावरत त्याच्यामागे पळालो.

घर चार शेतांपलीकडेच होतं. त्याची आई अंगणात तूर पाखडत होती. मी खिशातलं भिंग तिच्या हाती दिलं. तिने कार्ड डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं. मग सूप बाजूला सारलं.

“ह्ये तर आमचे मालक,” ती म्हणाली. “तीन पायाची पेटी घिऊन सायब आलता. हलू नगा म्हनला. ऊन कलेपतूर हुबं ऱ्हायले. सांजंला मान धरली, म्या तेल चोळलं. ह्यो बगा, बगलंत आरसा.”

माझा छपाईचा डाग आरसा निघाला.

“बसप्पा तवा पोटात हुता,” ती म्हणाली. “मानमोडीच्या साथीत ह्ये गेले. लेकरानं बापाला बगितलंच न्हाई.”

बसप्पाने माझ्याकडे पाहिलं. “मास्तर, ह्ये मला द्या.”

खरं सांगतो, मी म्हातारीच्या हातून कार्ड काढून घेतलं आणि माझ्या तोंडून ‘हो’ निघालं नाही. म्हणालो, असं कार्ड दुसरं नाही. सोलापुरात फोटो काढून घेतो, पाठवतो. आजवर किती पाहुणे ‘पाठवतो’ म्हणून गेले असतील, ते बसप्पाच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी खाली मान घातली, पण कार्डावरची बोटं काही सैल झाली नाहीत.

म्हातारीनेच वाट काढली. “गुमट आमाला कामून पायजे? रोज दारातून दिसतोय. तेवडं मानूस कापून द्या. बाकी तुमी न्या.”

मला तेव्हाच सगळं कार्ड द्यायला हवं होतं. पण माझ्यातला जमवणारा चटकन म्हणाला, घुमट तरी वाचला! पेन्सिलीला टोक करायचं पातं काढलं आणि वीस वर्षांच्या सरावाच्या हाताने मी नखाएवढा चौकोन कापला. इतका सुबक कापला की माझं मलाच कौतुक वाटलं.

बसप्पाने तो तळहातावर घेतला. वाऱ्याने उडू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा केला आणि भिंगातून कितीतरी वेळ पाहत राहिला. “नाक-डोळं दिसंनात,” तो म्हणाला. “पर खांदा माजाच हाय.” म्हातारीने तुकडा देव्हाऱ्यात टाकांशेजारी ठेवला आणि मला भाकरी वाढली.

सोलापूरला परतून महिना झाला. स्नेही येतात, अल्बम चाळतात. अष्टूरच्या पानावर थांबून कुणी म्हणतं, छान आहे, आपल्या पेठेतल्या समाधीएवढा असेल ना? कुणी त्याला विहिरीवरची घुमटी म्हणतं. मी चिडतो, हात पसरून सांगतो, अहो, मान मोडते वर बघताना! कुणाला पटत नाही. दाराशी चौकोनी भोक आहे, आणि त्या भोकापाशी माणूस नाही म्हटल्यावर घुमट केवढाही असू शकतो.

माझ्या अल्बमात प्रत्येक कार्डाखाली सुवाच्य अक्षरांत नाव लिहिलेलं असतं. परवा ठरवलं, या भोकाखालीही लिहायचं. दौत उघडली, टाक बुडवला आणि तसाच बसून राहिलो. म्हातारीने रिवाजाप्रमाणे नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. बसप्पा ‘बा’ म्हणत होता. आणि दाराची उंची किती हात, भिंतीची जाडी किती, फोटोवाल्यापासून चौथरा किती पावलं, हे सगळं वहीत टिपून आणणाऱ्या मला एवढं विचारावंसं वाटलं नव्हतं.

काल टपालातून अष्टूरला एक साधं कार्ड टाकलं. चित्र नसलेलं. त्यावर क्षेमकुशल वगैरे काही लिहिलं नाही. एवढंच लिहिलं: बसप्पा, तुझ्या वडिलांचं नाव काय?