ट्रॉलीतलं सामान हलू नये म्हणून

माझे यजमान बसचे ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं त्यांनी बीदर, उदगीर, सोलापूर अशा गाड्या चालवल्या, आणि तेवढ्या वर्षांत मी त्यांच्या गाडीत पाच-सहा वेळा बसले असेन. हळ्ळीखेडला घर होतं, सासूबाई होत्या, दोन म्हशी होत्या, मुलीची शाळा होती. मी कुठं जाणार?

मुलगी शिकली आणि गुलबर्ग्याला ऑफिसात लागली. एका घराच्या वरच्या खोलीत ती आणि तिची मैत्रीण राहायच्या. आम्ही सकाळी जायचो, तिच्या खाटेच्या कडेवर बसून जेवायचो आणि चार वाजले की बससाठी उठायचो. आम्ही असेपर्यंत मैत्रीण बिचारी गच्चीवर जाऊन बसायची. लेकीला भेटून आले असं वाटायचंच नाही. तोंड दाखवून आल्यासारखं व्हायचं.

रिटायर झाल्यावर एक दिवस यजमान म्हणाले, "तिच्याकडं जागा न्हाई ना? मग आपली खोली आपण संगं घेऊन जाऊ."

मला वाटलं थट्टा करायलेत. पण त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि हुमनाबादच्या वेल्डिंगवाल्याकडून दोन चाकांची ट्रॉली करून घेतली. तिच्यावर पत्र्याची खोली. आत पेटीसारखी दोन बाकडी, मधे फळी टाकली की पलंग. एका अंगाला गॅसची शेगडी, वर मांडणी, एक खिडकी, मागं दार. गल्लीतले लोक बघायला यायचे. एकजण म्हणाला, "अण्णा, ह्याची घरपट्टी भरणार का रोड टॅक्स?" हे नुसते हसले. मी मात्र खिडकीला पडदा शिवला.

आधी ठाणाकुशनूरला माझ्या थोरल्या बहिणीकडं दोन दिवस, तिथून गुलबर्गा, असं ठरलं. मी सामान लावलं ते घरात लावते तसंच. मांडणीवर डबे उंचीप्रमाणं, हळद-तिखटाच्या बरण्या, लेकीसाठी लिंबाचं लोणचं, कढई खिळ्याला, पळ्या-उलथणी खाली ओळीनं. पाण्याचे दोन मोठे कॅन यांनी दाराजवळ मागं ठेवले, घ्यायला सोपं म्हणून. निघताना आत डोकावले तर डोळे निवले. इतकं सुंदर स्वयंपाकघर माझं कधीच नव्हतं.

भालकी ओलांडल्यावर गाडी शेपूट हलवल्यासारखी झोल खाऊ लागली. "हळू चालवा की," मी म्हटलं. "मला नको शिकवू," ते म्हणाले. मागून काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग आणखी एक. ते थांबले नाहीत.

बहिणीच्या दारात पोचलो. अक्का कौतुकानं पुढं आली, पाच-सहा शेजारणी आल्या. मी दार उघडलं आणि ज्वारीचं पीठ भसकन अंगावर आलं. आत लोणच्याची बरणी गादीवर फुटलेली, तेल सगळीकडं, त्यात हळद, त्यात काचा. नव्या पडद्यावर तिखटाचा पंजा उमटल्यासारखा डाग. कढई खिळ्यासकट खाली.

"तुला नीट बांधता आलं न्हाई," हे म्हणाले. सगळ्यांसमोर.

"तुमाला नीट चालवता आलं न्हाई," मीही म्हणाले, सगळ्यांसमोर. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं मी पहिल्यांदाच बोलले.

ते जाऊन अक्काच्या ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "ट्रॉली इकून टाकतो. झाली हौस." मी काचा वेचत होते. वाईट बरणीचं वाटत नव्हतं. लेकीला फोन करून सांगितलं होतं की चार दिवस राहायला येतोय, आणि ती इतकी हसली होती फोनवर. तिला आता काय सांगायचं, एवढंच मनात येत होतं.

शेजारणींमध्ये एक म्हातारी कुंभारीण होती. तिनं आत वाकून पाहिलं आणि खुदकन हसली. मला राग आला.

"हसू नको तर काय करू?" ती म्हणाली. "आमी गाडगी-मडकी बैलगाडीत भरून औरादच्या बाजाराला न्यायचो. रस्ता कसला, नुसते धोंडे. सारी मडकी नीट पोचायची. आन तुमचे ह्ये स्टीलचे डबे पोचनात व्हय?"

"मग सांग की मावशी, कसं भरायचं," मी म्हटलं.

"उद्या सकाळी समदं भाईर काढ."

दुसऱ्या दिवशी सगळी ट्रॉली अंगणात रिकामी झाली. घासूनपुसून सामान उन्हात मांडलं. म्हातारी बाजेवर बसली आणि बोटानं दाखवू लागली. मांडणी तिला मुळीच आवडली नाही. "जड ते खाली. चाकाच्या वर, मधोमध. वर फकस्त हलकं. आन टांगायचं काईच न्हाई. टांगलेलं समदं झोके घेतंय."

तेलाचा डबा, पिठाचा डबा, कुकर खाली बाकड्याच्या पेटीत गेले. कढईत पातेलं, पातेल्यात तांब्या, प्रत्येकाच्या मधे जुन्या लुगड्याचा तुकडा. ताटं आडवी नाही, उभी ठेवायची आणि दोन्ही बाजूंनी गोधडी ठासायची. अक्कानं कडब्याच्या पेंढ्या आणून दिल्या. त्या मोडून आम्ही फटीफटीत कोंबल्या. मांडणीच्या पुढं मी अक्काच्या नातवाच्या मोडक्या पाळण्याची एक पट्टी ठोकली.

"आता गाडी हलवा," म्हातारी म्हणाली. "आन तू आत बसून कान दे. जितं वाजतंय तितं जागा हाय."

हलवणार कोण? यजमान ओसरीवरून सगळं बघत होतेच. ते उठले, ट्रॉली जीपला अडकवायच्या पुढच्या हुकापाशी गेले आणि तो धरून ट्रॉली वरखाली करू लागले. मी आतून ओरडायचे, "झाकण वाजायलंय!", "थांबा, चमचे!" आणि तिथं चिंधी सारायचे. असं तासभर चाललं.

मधेच ते थांबले. हुक हातात धरून तसेच उभे राहिले. मग मागं गेले, पाण्याचे कॅन आत ठेवून बघितले, परत पुढं येऊन हुक उचलला. "हे बघ," मला म्हणाले, "कॅन मागं ठेवले की म्होरचं तोंड हलकं होतंय. म्हणून झोल खायली गाडी." जरा थांबून म्हणाले, "कॅन मी ठेवलो होतो."

कॅन दोघांनी मिळून उचलले आणि पुढच्या भिंतीला टेकवून जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधले.

तिसऱ्या दिवशी निघालो. अक्कानं लोणच्याची दुसरी बरणी दिली, ती मी गादीच्या वळकटीत मधोमध गुंडाळली. पाच-सहा किलोमीटरवर यांनी आपण होऊन गाडी बाजूला घेतली. दार उघडलं. एक पेला आडवा झाला होता, बाकी सगळं जागच्या जागी. भालकीला परत पाहिलं, काहीच हललं नव्हतं. कमलापूरला लाल केळी घेतली. "वर दांडीला अडकवू," हे म्हणाले आणि स्वतःच जीभ चावली. केळी उशांच्या मधे गेली.

पुढं उताराला एक ट्रॅक्टर शेतातून एकदम रस्त्यावर आला. यांनी जोरात ब्रेक दाबला. माझं डोकं काचेला लागता लागता राहिलं. ट्रॉलीनं मागून एक धक्का दिला आणि गाडी सरळ रेषेत उभी राहिली. ट्रॅक्टरवाला हात जोडून निघून गेला.

"बघून ये," हे म्हणाले.

"तुमीच बघा. मला भ्याव वाटायलंय."

ते गेले. मी आरशातून बघत होते. दार उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक लाल केळं होतं, सोललेलं. अर्धं मोडून मला दिलं. "कायबी हललं न्हाई," म्हणाले. "बसमधी माणसं दांडी धरून उभी राहत्यात, म्हणून इतकी वर्षं कळलं न्हाई मला ब्रेक कसा लागतो ते."

गुलबर्ग्यात लेकीच्या घरमालकांनी अंगणात कडुलिंबाखाली जागा दिली. मालकीणबाई कन्नडमध्ये म्हणाल्या की त्यांनी असलं घर पाहिलं नव्हतं, आणि आत येऊन सगळ्या पेट्या उघडून बघितल्या. संध्याकाळी लेक ऑफिसातून आली ती चप्पल काढून सरळ आत शिरली आणि बाकड्यावर पाय वर घेऊन बसली, शाळेतून आल्यावर बसायची तशी. मी ज्वारीच्या भाकरी केल्या. मैत्रिणीला गच्चीवर जायची गरज पडली नाही. तीही जेवली, लोणचं दोनदा मागून घेतलं.

चौघं त्या पत्र्याच्या खोलीत मावत नव्हतो. यजमान दारातल्या पायरीवर ताट घेऊन बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चाकं दाखवू लागले.

चार दिवस म्हणून गेलो होतो. पाचव्या दिवशी सकाळी मी आवरायला काढलं. लुगड्याचे तुकडे घडी करून ठेवत होते. लेक ओल्या केसांनी चहाचा कप घेऊन पायरीवर बसली. ऑफिसला निघायची वेळ होत आली होती, पण ती उठेना.

"अप्पा," तिनं विचारलं, "आज जायलाच पाहिजे व्हय?"

हे जीपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. तिथूनच म्हणाले, "मला कामून इचारतीस? सामान तुझी आई बांधती."

लेकीनं माझ्याकडं पाहिलं. मी कढई पेटीतून परत बाहेर काढली आणि म्हटलं, "ऑफिसातून येताना मेथी घेऊन ये. जुडी चांगली बघून घे."