भाऊजींचा उलटवलेला शर्ट

आमच्या जाऊबाईंच्या हाती कापड लागलं की त्याची सुटका नाही. पडदा विरला की त्याचा फ्रॉक होतो, फ्रॉक आखूड झाला की उशीचा अभ्रा, आणि अभ्रा फाटला की त्याची फडकी होऊन ती वरच्या मजल्यावर माझ्या ओट्यावर येतात. स्वतःचे कपडे त्या स्वतः शिवतात आणि दुसऱ्याच्या अंगावरचे मनातल्या मनात उसवतात. माझ्या नव्या कोटाला हात लावून एकदा म्हणाल्या, "छान आहे गं. जुना कधी होणार?"

त्यांची खरी हातोटी कपडा उलटवण्यात. शर्ट बाहेरून विटतो, पण आतून कापड ताजं असतं. त्या सगळ्या शिवणी उसवून आतली बाजू बाहेर काढतात आणि पुन्हा शिवतात. अडचण एकच. कापड उलटं केलं की डावं उजवीकडे जातं. खिसा भलत्या छातीवर येतो, आणि बटणपट्टी बायकांच्या कपड्यासारखी, उजवी डावीवर. मग जाऊबाई जुनी काजं बुजवून, पट्टी बदलून, सगळं पुन्हा पुरुषी करून द्यायच्या. तसं केल्याशिवाय भाऊजी शर्टाला शिवायचेही नाहीत.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. टपाल कचेरीच्या खिडकीमागे जन्म काढला, पण रुबाब असा की कचेरी यांच्या नावावर असावी. गळ्यापर्यंत बटणं, कडक इस्त्री, नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात जायचे. दाढी घरीच करायचे, तिथे जायचे ते फक्त वाद घालायला.

मग अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात गेला. म्हणजे हात आहे, पण मांडीवर ठेवला की मांडीवरच राहतो. जेवण, दाढी, दाराची कडी, सगळं ते हळूहळू डाव्या हातानं शिकले. बटणं मात्र जमेनात. जाऊबाई पुढे झाल्या तर ओरडायचे, "बटणं लावून घ्यायला मी काय तान्हा आहे?" आणि बटणांशिवाय बाहेर पडणं म्हणजे तर नाक कापल्यासारखं. त्यामुळे दिवसभर बनियनवर खिडकीशी बसून राहायचे. कुणी आलं की उठून आतल्या खोलीत. पुढेपुढे बोलणंही हो आणि नाहीवर आलं.

"अगं, मला भीती वाटते," जाऊबाई मला म्हणाल्या. "हात गेला त्याचं मी सोसीन. पण हे असेच खुर्चीत बसल्या बसल्या संपून जातील."

मला दिरांचा राग येत होता, खोटं कशाला बोलू? बायको रात्रंदिवस राबतेय आणि यांचं घोडं बटणावर अडलंय. पण जाऊबाईंना तसं वाटत नव्हतं. त्यांनी कपाटातला सगळ्यात जुना शर्ट काढला आणि नातवाच्या फाटक्या बुटांवरची, चर्र आवाज करणारी चिकटपट्टी उसवून घेतली. काजं बुजवली, वरून दिसायला बटणं तशीच टाकली आणि आतून ती चिकटपट्टी लावली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बटणं लावली आहेत.

भाऊजी शर्ट घेऊन खोलीत गेले. दार लावलं. बराच वेळ चर्र, चर्र ऐकू येत होतं. मग दार उघडलं आणि शर्ट बाहेर आला, एकटाच.

"यालाही दोन हात लागतात," आतून आवाज आला. दार पुन्हा लागलं.

जाऊबाई शर्ट मांडीवर घेऊन बसल्या. मग मला म्हणाल्या, "माझा उजवा हात कमरेशी बांध." मी बांधला. त्यांनी तो शर्ट अंगात चढवला आणि डाव्या हातानं वरची पट्टी उजवीकडे ढकलायला लागल्या. ढकलली की खालची पट्टी पुढे पळायची. तिला धरायला हातच नाही! दोन-तीनदा असं झालं आणि त्या एकदम थांबल्या.

"बाई गं! जन्मभर उजव्या हाताच्या माणसाचे शर्ट शिवले, तसाच हाही शिवला. डावा हात आपल्याकडे ओढतो, ढकलत नाही. उजवी पट्टी डावीवर यायला हवी."

"म्हणजे बायकी?" मी म्हटलं. "ते फाडून टाकतील."

"टाकू देत," म्हणाल्या, पण तोंड उतरलं होतं. त्यांनी शर्ट पुरता उसवला आणि उलटवला. या खेपेला बटणपट्टी बदलली नाही. फक्त खिसा काढून त्याच्या जागी, डावीकडे लावला, आणि बटणं नि चिकटपट्टी नव्या बाजूंवर फिरवून घेतली.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी शर्ट हातात धरून बघितला. एवढी वर्षं शिवणारणीशी संसार केलेला माणूस, त्याला काय लपणार?

"ही बायकी पट्टी आहे."

"हो. डाव्या हाताला तीच सोपी. मी हात बांधून बघितलंय."

"कुणाचा?"

"माझा."

भाऊजी शर्ट खांद्यावर टाकून वळले. आत गेले. आम्ही दोघी जावा स्वयंपाकघरात भांडी पुसण्याचं नाटक करत उभ्या. भाऊजी बाहेर आले तेव्हा शर्ट गळ्यापर्यंत बंद होता. कॉलरचं एक टोक तेवढं मुडपलेलं. जाऊबाईंचा हात नकळत पुढे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला. भाऊजी काठी घेऊन जिना उतरले.

ते परत येईपर्यंत आम्हा दोघींच्या जिवात जीव नव्हता. आले ते घामाघूम होऊन.

"न्हावी म्हणाला, साहेब, पट्टी उलटी आहे."

जाऊबाईंनी डोळे मिटले. "मग?"

"मी म्हटलं, हात एकच उरलाय, त्याच्या सोयीची आहे." एवढं बोलून ते खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, "बाकीचेही उसवायला घे."

जाऊबाई जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा मला कळलं. बाकीचे शर्ट त्या दर आठवड्याला इस्त्री करून ठेवत होत्या, बटणांसकट. हात परत येईल अशी आशा भाऊजींनी सोडली होती, जाऊबाईंनी नव्हती.

"सगळे?" त्यांनी विचारलं.

"सगळे."

त्यांनी कपाटातून पांढरा शर्ट आणला आणि शिवणीवर कातरीचं टोक धरलं. कुणाचाही कपडा डोळ्याचं पातं लवायच्या आत उसवणारी ही बाई, पण धागा काही सापडेना. डोळे भरून आले होते ना. भाऊजींनी खुर्ची पुढे ओढली आणि शर्टाचं दुसरं टोक डाव्या हातानं ताणून धरलं.

"काप," ते म्हणाले. "मी धरलंय."